लॉनवरची शतपावली

१

सप्टेंबर लागला, दक्षिण गोलार्धातला वसंत आला, की पापाटोएटोत घरोघरच्या मागच्या अंगणांतून लॉन-मोअरची घरघर सुरू होते. हिवाळाभर पाऊस पिऊन फुगलेली जमीन जरा कुठे पाय ठेवण्याजोगी झालेली असते, कोवाईची झाडं पिवळीधमक फुललेली असतात आणि शेजारीपाजारी कुंपणावरून डोकावून कुणाचं गवत किती मेलंय याचा अंदाज घेत असतात. रमणनेही त्या रविवारी गॅरेज उघडलं. दाताळं काढलं, चार दात्यांचा गार्डन फोर्क काढला, चुन्याची आणि बियाण्याची पिशवी बाहेर आणून ठेवली. पुण्यात कर्वेनगरात दुसऱ्या मजल्यावर वाढलेल्या या माणसाने जन्मात कुंडीतली तुळस जगवली नव्हती. पण इथे सात वर्षं काढली की आयटीवाल्यालासुद्धा ऊठसूट आभाळाकडे बघायची खोड लागते.

लॉनची पार दशा झाली होती. सावलीच्या बाजूला शेवाळ इतकं माजलं होतं की पाऊल टाकलं की पचकन पाणी वर यायचं. मधोमध कपडे वाळत घालायची फिरती छत्री, तिच्याभोवती काळपट, कुजकं गवत. आणि या सगळ्यातून गेलेली एक पायवाट.

पायवाट आईची होती. मंदाबाई मार्चमध्ये व्हिजिटर व्हिसावर आल्या, त्या ऐन हिवाळा काढून ऑगस्टमध्ये परत गेल्या. त्यांच्या पायाला भिंगरी. जेवण झालं की शतपावली ही झालीच पाहिजे, शंभर म्हणजे शंभर. पहिल्या आठवड्यात त्या गाऊनवर स्वेटर, डोक्याला कानटोपी अशा थाटात रस्त्यावर निघाल्या, तेव्हा रमणला लाज वाटली होती. "आई, इथे असं रस्त्यावरून फिरत नाहीत. मागे एवढं अंगण आहे ना, तिथे फिर," असं तो म्हणाला होता. मग त्या मागे फिरू लागल्या. पायात रमणच्याच जँडल्स. स्लिपरला इथे जँडल्स म्हणतात, आणि त्या त्यांना चांगल्या दोन बोटं मोठ्या होत्या. हॉलच्या सरकत्या काचेच्या दारातून त्या बाहेर पडायच्या, छत्रीला गोल गोल फेऱ्या मारायच्या आणि परत दाराशी यायच्या. चटक-चटक असा त्या जँडल्सचा आवाज आत टीव्ही लावला तरी ऐकू यायचा. ओल्या चिकणमातीवर रोज तेवढीच वाट तुडवली गेली आणि तिथलं गवत मेलं.

व्हिसा वाढवून घेता आला असता. आईने विमानतळावर विचारलंही होतं, "राहू दे ना रे मला इथेच थोडी." रमण म्हणाला होता, "थंडी संपू दे गं. लॉन हिरवंगार झालं की स्प्रिंगमध्ये परत बोलावतो, मग अनवाणी फिर." पुण्याला पोचून आठवडा झाला नाही तोच अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून त्या धाकट्या मुलीकडे, मृणालिनीकडे, पलंगावर पडून होत्या.

रमण दाताळं घेऊन पायवाटेपाशी आला आणि थबकला. आईला पुण्याला परत जाऊन दीड महिना होऊन गेला होता. या दिवसांत गवत नाही तर नाही, निदान शेवाळ तरी धरायला हवं होतं. ते सगळीकडे होतं, पायवाटेवर तेवढं नव्हतं. माती गुळगुळीत होती, नुकतीच सारवल्यासारखी. आई गेली तेव्हा वाट इतकी चकचकीत होती का, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला. मग, चिकणमाती एकदा दबली की दबली, असं स्वतःला समजावून तो कामाला लागला.

२

शेवाळ खरवडून काढता काढता दुपार व्हायला आली. पायवाटेवर मात्र फोर्कच चालवायला हवा होता. दाते जमिनीत घुसवायचे, वरून पायाचा दाब द्यायचा, जरा हलवून बाहेर काढायचे. म्हणजे हवा खेळते, पाणी मुरतं. पहिल्यांदा फोर्क टेकवून त्याने पायाचा भार दिला तर दाते सहज आत गेले. एवढी घट्ट दिसणारी माती इतकी मऊ आणि जराशी कोमट कशी, याचं त्याला नवल वाटलं. तो ओळीने भोकं पाडत छत्रीभोवती फिरला.

अनुराधा, त्याची बायको, चहाचे मग घेऊन दारात उभी राहिली होती.

"किती वेळ चाललंय हे?"

"आईसाठीच करतोय ना. तिला म्हटलंय, लॉन हिरवं झालं की बोलावतो."

"रमण, आई उठून बसू शकत नाहीयेत. त्या इथे येणार नाहीत. तू जायला हवंस."

"नोव्हेंबरमध्ये प्रोजेक्टचं गो-लाइव्ह आहे. हीप्स काम पडलंय, ढीगभर. ते झालं की लगेच जातो."

"आणि तोवर?" अनुराधाचा आवाज चढला. "बैल गेला आणि झोपा केला, असं नको व्हायला. तिकीट काढ तू."

रमणने वाळूची पिशवी जवळ ओढली. त्याला कळत होतं, पण वळत नव्हतं. लॉन नीट झालं की आई बरी होईल, असलं काहीतरी खुळं त्याच्या मनाने घेतलं होतं. हे तो कुणाला सांगू शकला नसता, कारण सांगितलं असतं तर त्यालाच हसू आलं असतं. पलंगावर पडलेल्या आईकडे बघायची त्याची छाती नव्हती, हे त्याहून खरं होतं. त्याने भोकांत वाळू भरली, वर चांगली माती पसरली, बी टाकलं आणि हाताने हलकेच थापटलं.

अनुराधा आत जाता जाता दाराबाहेरच्या जँडल्सकडे बघत म्हणाली, "या आत ठेवू का गॅरेजमध्ये?"

"राहू देत. आई म्हणाली होती ना, परत आले की लागतील."

३

संध्याकाळी मृणालिनीचा फोन आला. तिकडे दुपार होती.

"दादा, आज पहाटे आई एकदम दचकून उठली रे. कण्हत होती. झटका आल्यापासून तोंडातून आवाज नव्हता, तो आज पहिल्यांदा आला. मला आधी बरंच वाटलं."

"मग?"

"कांचनने पांघरूण काढून बघितलं." कांचन म्हणजे आईकडे बघायला ठेवलेली बाई. "दोन्ही तळव्यांना टोचल्यासारखं झालंय. चार-चार भोकं, एका ओळीत. रक्त फारसं नाही. डॉक्टर म्हणाले, काहीतरी चावलं असेल."

पुण्यात पहाट होती तेव्हा इथे दुपार व्हायला आली होती. रमणने हातातला रिमोट खाली ठेवला.

"ढेकूण असतील," तो म्हणाला. "ढेकूण ओळीतच चावतात."

"आपल्याकडे कुठले रे ढेकूण? आणि दादा, अजून एक. कांचन रोज आईचे पाय पुसते. ती म्हणते, रोज दुपारी नखांत माती असते. पिवळट, चिकट. मी तिला रागावलेच. म्हटलं, पडून असलेल्या बाईच्या पायाला माती कुठून लागेल? तर आज मी स्वतः बघितली."

"तूच चपला घालून खोलीत जात असशील."

"मी काय आईच्या पायावर चढून जाते का?" मृणालिनी चिडली, आणि लगेच तिचा आवाज कापरा झाला. "तू ये ना रे एकदा. ती दाराकडे बघत असते सारखी."

फोन ठेवल्यावर रमणने ढेकणांबद्दल इंटरनेटवर वाचलं. ओळीत चावतात हे खरं होतं. त्याला बरं वाटलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. झोपण्याआधी त्याने फोर्क गॅरेजमध्ये नेऊन अगदी मागे, जुन्या गादीच्या आड ठेवला. का ते त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

४

बी रुजलं. सगळ्या लॉनवर हिरवी लव आली, अगदी बाळाच्या जावळासारखी. पायवाटेवर मात्र काही नाही. काही नाही एवढंच असतं तर चाललं असतं. तिथली भुसभुशीत माती पुन्हा दाबली गेली होती आणि बी त्या मातीत रुतून बसलं होतं.

रमणने आधी मैनांना दोष दिला, मग शेजारच्या मांजराला. त्याने काठ्या रोवून पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी दोरी बांधली, जुन्या सीडी टांगल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी बघितलं तर दोरी जागच्या जागी होती, सीडी वाऱ्यावर डुलत होत्या आणि मधली माती आणखी सपाट झाली होती. पाऊल कुठेही उमटलेलं नव्हतं. जँडल्स ओल्या होत्या. दव पडलं असणार, त्याला वाटलं. पण त्या वळचणीखाली होत्या आणि तिथली फरशी कोरडी होती.

मग त्याला आणखी एक गोष्ट दिसली. आईची वाट दारापासून छत्रीपर्यंत जायची आणि छत्रीभोवती फिरायची. आता तिला एक नवा फाटा फुटला होता. तो काचेच्या दाराला समांतर जात होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे. दार लावलेलं असलं म्हणजे बाहेरचं माणूस घुटमळतं, तसा.

त्या संध्याकाळी जेवणं झाली आणि अनुराधा उठून काचेच्या दाराचा पडदा ओढू लागली. रमणच्या मनात पाल चुकचुकली. अंधारही नीट पडला नव्हता.

"एवढ्यात पडदा का लावतेस?"

"थंडी येते."

"अनु."

ती पडद्याची कड हातात धरून तशीच उभी राहिली. "महिना झाला मी रोज लावतेय. जेवण झालं रे झालं की लावते. तुझ्या लक्षातही आलं नाही."

"पण का?"

"तुला खरंच ऐकू येत नाही?" तिने टीव्ही बंद केला.

लांब स्टेशनकडून गाडी गेल्याचा आवाज आला आणि विरला. मग पडद्यापलीकडे, ओल्या जमिनीवर, सावकाश, मोठ्या मापाच्या जँडल्स वाजल्या. चटक-चटक. मध्येच थांबायच्या, दम घ्यायच्या आणि पुन्हा चालू व्हायच्या. रमणची पाचावर धारण बसली. पडदा हातभर अंतरावर होता आणि त्याने तो सरकवला नाही.

"आईच आहेत," अनुराधा हळूच म्हणाली. "मला भीती वाटते रे. आणि भीती वाटते म्हणून स्वतःचीच लाज वाटते."

५

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने स्वतः पुण्याला फोन केला. "आईच्या कानाशी धर," तो मृणालिनीला म्हणाला.

"आत्ता नको. आत्ताच पेज भरवलीय. जेवण झालं की ती डोळे मिटते आणि मग तासभर किती हाका मारल्या तरी ओ देत नाही. अंगसुद्धा गार पडतं."

"तरी धर."

जरा खुडबुड झाली. मग आईचा श्वास ऐकू आला. तो झोपलेल्या माणसाचा श्वास नव्हता. आखूड, धापा टाकणारा, मध्येच थांबून पुन्हा लागणारा. पर्वती चढताना आई असाच श्वास घ्यायची. आणि पडद्यापलीकडून जँडल्सचा आवाज येत होता. श्वास थांबला की तोही थांबायचा.

"आई," रमण म्हणाला, "थांब आता. बस ना जरा. दमलीस गं."

फोनमधला श्वास थांबला. बाहेरचा आवाजही थांबला. मग दोन्ही एकदमच पुन्हा सुरू झाले.

सकाळी त्याने ऑफिसात मॅनेजरला गाठलं आणि आईचं सांगितलं. काय काय कारणं पुढे येतील, त्यावर काय बोलायचं, हे सगळं तो गाडीत घोकून आला होता. मॅनेजरने पेन खाली ठेवलं. "फॅमिली फर्स्ट, मेट. जा तू. आधीच का नाही सांगितलंस?" तो म्हणाला. इतके आठवडे रमणला कुणी अडवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारचं तिकीट मिळालं.

६

त्या दिवशी बॅगा भरण्याच्या गडबडीत अनुराधा वाळत घातलेल्या चादरी काढायला विसरली. जेवणं झाली. ती आत बॅगेशी होती. रमण पडदा उघडा ठेवून दारासमोर बसला. आज बघायचं, त्याने ठरवलं होतं. परवा आईसमोर उभं राहायचं तर आज पडद्याआड लपून चालणार नव्हतं.

बाहेर संधिप्रकाश होता. छत्रीवरच्या पांढऱ्या चादरी जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबत होत्या. वारा नव्हता. आधी आवाज आला. मग चादरींच्या खालच्या कडेशी, वीतभर फटीत, दोन पावलं दिसली. घोटे सुजलेले. उजवा पाय फरफटत होता. जँडल्स चिखलाने भरल्या होत्या आणि पावलं त्यांत पुढे सरकून बाहेर येत होती, तशी आईची यायची. पावलं चादरीमागून चादरीमागे गोल फिरत राहिली. वर डोकं दिसायला हवं होतं. ते दिसलं नाही.

मग पावलं दाराकडे वळली.

खोलीत दिवा होता, त्यामुळे वरच्या काचेत रमणला खोलीच दिसत होती. टेबल, घड्याळ आणि तो स्वतः. खाली, सोफ्याच्या सावलीत, तेवढी काच आरपार दिसत होती. तिथे येऊन पावलं थांबली. गाऊनची ओली कड दिसत होती. बोटं काचेला टेकली होती.

रमण उठला. त्याचा हात कडीवर गेला. नुसतं सरकवायचं होतं. महिनाभर ती याचसाठी फेऱ्या मारत होती, हे त्याला स्वच्छ कळत होतं. पण त्याच वेळी त्याच्या डोक्यातला तो शहाणा, ढेकणांबद्दल वाचणारा माणूस बोलला. आई तिकडे आहे, पलंगावर, अंग गार पडलेली. ती तिकडे आहे तर ही कोण? आणि दार उघडल्यावर आत येईल ते काय?

कडीवरचा हात आपसूक खाली, कुलपाच्या खटक्यावर गेला. खटकन कुलूप बसलं.

एवढासा आवाज, पण बाहेर तो नक्कीच ऐकू गेला. पावलं क्षणभर तशीच राहिली. मग बोटं काचेवरून निघाली. या वेळी पावलं छत्रीकडे वळली नाहीत. चटक-चटक करत, आपली वाट सोडून, नव्या लवेवरून सरळ कुंपणाकडे गेली. आवाज लहान लहान होत गेला.

"आई!" रमण ओरडला. घाईघाईत त्याला कुलूप उघडेना. ते उघडून तो अनवाणी बाहेर धावला तेव्हा लॉनवर कुणी नव्हतं. जँडल्स दाराशी होत्या, नेहमीच्या जागी, शेजारी शेजारी.

आत फोन वाजला. तो अनुराधाने उचलून कानाला लावला. मग तिने तो त्याच्याकडे दिला.

"दादा, गेली रे आई," मृणालिनी रडत होती. "आत्ता, जेवल्यावर. शेवटी हात उचलला तिने. उजवा, तो गेलेला हात. मला वाटलं, मला जवळ बोलावतेय. पण नाही रे, हवेत काहीतरी बाजूला सरकवत होती ती. असं, कडेला. दोनदा, तीनदा. ते काही सरकलं नाही तिच्याने. मग हात खाली टाकला."

७

तेरावा करून रमण परत आला तोवर ऑक्टोबर संपत आला होता. अनुराधा त्याला घ्यायला आली होती. घरी आल्यावर तो बॅग तशीच टाकून मागच्या दारी गेला.

लॉन हिरवंगार झालं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, छत्रीच्या बुंध्याशीसुद्धा. पायवाट कुठून जात होती हे आता शोधूनही सापडलं नसतं. शेजाऱ्याने कुंपणावरून अंगठा दाखवला आणि "स्वीट ॲज, मेट!" म्हणून तोंडभर कौतुक केलं. रमण मान हलवून हसला. मग दारात बसून त्याने दोन्ही हातांत तोंड घेतलं.

आता रोज जेवण झालं की तो बाहेर पडतो. अनुराधा पडदा लावत नाही. दार हातभर उघडं ठेवते, आणि थंडी आत आली तरी काही म्हणत नाही. रमण आधी आईच्या जँडल्स घालून फिरायचा, आता अनवाणी फिरतो. छत्रीभोवती गोल, मग दाराशी, मग पुन्हा छत्री. टाचा दाबून, मुद्दाम तेवढीच वाट धरून. कधी कधी थांबतो आणि कान देऊन ऐकतो. स्टेशनकडून गाडी जाते, कुणाचं तरी कुत्रं भुंकतं, आणि मग काहीच ऐकू येत नाही.

"किती फिरशील? आत ये," शेवटी अनुराधा म्हणते.

"थोडी वाट पडू दे," तो म्हणतो.

सकाळी ऑफिसला जायच्या आधी तो दारात उकिडवा बसून बघतो. गवताची एक काडीसुद्धा मोडलेली नसते.